कोच उत्तर देत नाहीत, म्हणजे नकार नव्हे

लेक दहावीत आहे, टेनिस खेळते, अमेरिकन कॉलेजांच्या डिव्हिजन १, म्हणजे सर्वांत वरच्या गटाच्या, कोचना ईमेल पाठवल्या आणि एकाचंही उत्तर नाही, असं तुम्ही लिहिलंय. अहो, त्यांना उत्तर द्यायची परवानगीच नाही! एनसीएए ही तिथल्या कॉलेज-खेळांची संस्था, तिच्या नियमानुसार टेनिससह बहुतेक खेळांत दहावी संपल्यानंतरच्या १५ जूनपर्यंत हे कोच खेळाडूशी रिक्रूटिंगबद्दल, म्हणजे संघात घेण्याबद्दल, बोलू शकत नाहीत. फार तर प्रश्नावली किंवा कॅम्पचं पत्रक पाठवतात. पण ईमेल वाचतात, तेव्हा पाठवत राहा. डिव्हिजन ३ वाल्यांना हे बंधन नाही, ते आत्ताही बोलतील.

ईमेल मुलीनेच लिहावी, आईबाबांनी नव्हे. विषयाच्या ओळीतच ग्रॅज्युएशनचं वर्ष आणि यूटीआर, म्हणजे खेळाडूची पातळी सांगणारं टेनिस रेटिंग. टेनिसमध्ये कोच आधी हा आकडा बघतो, मग व्हिडिओ. व्हिडिओत निवडक विनर्स नकोत, सलग काही गेम्स हवेत. पॉइंट गेल्यावर पोरगी कशी वागते, तेही त्यांना बघायचं असतं. पुढच्या टूर्नामेंटचं वेळापत्रक जोडा.

तुमच्या प्रश्नावर कुणीतरी हजारो डॉलर्सची रिक्रूटिंग सर्व्हिस सुचवलीय. माझ्या मते गरज नाही. ती सर्व्हिसही ईमेलच पाठवणार, आणि कोचना साचेबद्ध ईमेल लगेच ओळखू येते.

आणि हो, आयव्ही लीग (हार्वर्ड, येलसारखी आठ विद्यापीठं) आणि डिव्हिजन ३ मध्ये खेळाची स्कॉलरशिप नसते. आपल्याकडे हे बऱ्याच जणांना फार उशिरा कळतं. डिव्हिजन १ साठी १६ कोअर कोर्सेस, म्हणजे हायस्कूलमधले ठरावीक मुख्य विषय, लागतात, ते काउन्सेलरकडून आत्ताच तपासून घ्या.