‘ट्रान्सनॅशनल’ला मराठी शब्द: पारराष्ट्रीय, सीमापार की आणखी काही?

मांजराकाठ:
समाजशास्त्राच्या एका पाठाचं भाषांतर चालू आहे. ‘ट्रान्सनॅशनल कुटुंब’ला शब्द हवाय. अर्थ असा: आई-बाप उदगीरला, लेक-जावई दुबईत. शेत विकायचं का, लेकराचं नाव काय ठेवायचं, हे सगळं व्हिडिओ कॉलवर ठरतं. घर एक, देश दोन. ‘आंतरराष्ट्रीय’ बसत नाही, तो सरकारासरकारांतला व्यवहार. ‘बहुराष्ट्रीय’ म्हटलं की कंपनी डोळ्यांपुढं येते. ‘पारराष्ट्रीय’ लिहावं तर मुद्रितात काना गळून ‘परराष्ट्रीय’ होतं, म्हणजे परक्या देशाचं. सुचवा.

शब्दवेडी:
पारराष्ट्रीयच ठेवा. पारपत्र, पारगमन या घडणीचा शब्द आहे, ऐकून सवय होईल. काना गळण्यावर उपाय आहे. लिहिताना सगळीकडं ‘पार-राष्ट्रीय’ अशी जोडरेघ द्या आणि छपाईआधी ‘परराष्ट्र’ आणि ‘पर-राष्ट्र’ शोधून एकेक जागा डोळ्यांनी बघा. सरसकट बदल करू नका, नाहीतर परराष्ट्र मंत्रालयाचंही पारराष्ट्र मंत्रालय होईल. ‘सीमापार’ मात्र नको. बातम्यांनी त्याला दहशतवाद आणि गोळीबार कायमचे चिकटवलेत.

उदगीरकर:
मुळात ‘आंतरराष्ट्रीय’च तपासा की. ‘अंतर्’ म्हणजे आत. टपालाच्या निळ्या पत्रावर ‘अंतर्देशीय’ छापलेलं असतं, ते देशाच्या आतच फिरतं. मग आंतरराष्ट्रीय हे राष्ट्राराष्ट्रांतलं कसं झालं?

शब्दवेडी:
आंतरजातीय विवाह, आंतरशालेय स्पर्धा. मराठीत ‘आंतर’ म्हणजे दोहोंमधलं, हे वापरानं ठरून गेलंय. व्युत्पत्ती काढून रूढ शब्द मोडू नका.

शिवधुरा:
माझा आक्षेप ‘पार’वरच आहे. हद्दपार, तडीपार. ‘पार’ लागला की माणूस इकडून गेला, संपला. मांजराकाठ यांना तर दोन्हीकडं एकाच वेळी असणारं कुटुंब सांगायचंय.

आपल्याकडं सीमा कशी लिहितात ते बघा. खरेदीखतात चतुःसीमा असते: पूर्वेस अमक्याचा गट, पश्चिमेस शिवरस्ता, दक्षिणेस ओढा, उत्तरेस तमक्याचं शेत. स्वतःच्या रानाची हद्द सांगताना शेजाऱ्याचं नाव घ्यावंच लागतं, ते चुकलं की पुढं मोजणीत भांडण. शिवरस्ता दोन गावांच्या शिवेवरून जातो, दोन्ही गावं त्याला आपला म्हणतात. धुऱ्याचंही, म्हणजे दोन शेतांमधल्या बांधाचंही, तेच, सामाईक असेल तर एकट्यानं नांगरता येत नाही. म्हणजे जोडणाऱ्या सीमेची कल्पना भाषेत आहे, शब्द तिथून काढा.

माझं मत ‘सीमोल्लंघी’ला. सीमा अधिक उल्लंघन, बोलीत शिलंगण. दसऱ्याला शीव ओलांडायची, आपट्याचं सोनं घ्यायचं आणि घरी परत यायचं. जाऊन येणं त्यात आहे, ते ‘पार’मध्ये नाही.

गोदाकाठ:
कल्पना आवडली, पण पाठात चालणार नाही. ‘उल्लंघन’ म्हटलं की आज नियमभंगच आठवतो. शिवाय हा शब्द कुटुंबापुरता नाही. संयुक्त राष्ट्रांचा 2000 सालचा पालेर्मोचा करार ट्रान्सनॅशनल संघटित गुन्हेगारीविरुद्ध आहे. त्यात गुन्हा एका देशात घडला, पण आखणीचा मोठा भाग दुसऱ्या देशात झाला, तरी तो ट्रान्सनॅशनल धरतात. म्हणजे माणूस सीमा ओलांडो न ओलांडो, व्यवहार ओलांडतो. कुटुंबाला आणि टोळीला दोन्हीकडं लागेल असा शब्द द्या. ‘शिलंगणी टोळी’ कोण म्हणेल?

उदगीरकर:
मग ‘सरहद्दपल्याड’ घ्या. सरळ आहे, बोलीत बसतो.

शब्दवेडी:
फारसी ‘सर’, अरबी ‘हद्द’. सीमा असताना हे कशाला?

उदगीरकर:
ताई, वर अजून कुणी ‘हद्दपार’ला हरकत घेतली नाही. मराठवाड्यात सीमेच्या व्यवहाराचे शब्द त्याच बाजूनं आलेत. हैदराबाद संस्थानाच्या जकातीचं खातं म्हणजे करोडगिरी. मुक्तिलढ्यात सरहद्दीवरचे करोडगिरी नाकेच लक्ष्य होते. नाक्याच्या अलीकडं हाली सिक्का, म्हणजे निजामाचा रुपया, पलीकडं कलदार, म्हणजे इंग्रजांचा, साधारण 7 हालीला 6 कलदार. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत सोलापूरला जाणं म्हणजे दुसऱ्या राज्यात जाणं. दोन्हीकडं सोयरे, दोन चलनांत आहेर. तुमच्या पाठातलं कुटुंब इथं तेव्हाच होतं.

गोदाकाठ:
करोडगिरीत ‘करोड’ कसला? जकात काही कोटीत नसणार.

शिवधुरा:
अकबराच्या काळी एक कोटी दाम (तांब्याची नाणी) महसुलाच्या टापूवरच्या अंमलदाराला करोडी म्हणत. पुढं नाव वसुलीला चिकटलं असावं.

शब्दवेडी:
‘कर’ आणि ‘ओढणे’ यांवरून नाही ना?

उदगीरकर:
नाही. तसं असतं तर ‘ढ’ राहिला असता. आणि ‘गिरी’ फारसी प्रत्यय आहे, मुलूखगिरी, शिपाईगिरीतला.

मांजराकाठ:
‘पार-राष्ट्रीय’ जोडरेघेसकट लिहून ठेवलाय, पण शिवधुरा यांचा आक्षेप अजून उभा आहे. एकच शब्द दोन्हीकडं बसवायचा की कुटुंबाला ‘दुदेशी’ आणि गुन्ह्याला ‘पार-राष्ट्रीय’ असे दोन करायचे?

शिवधुरा:
‘दुदेशी’ तीन देशांत पांगलेल्या कुटुंबाला कसा लावणार? बरं, करोडगिरीवरून विचारतो: बिदर, भालकी, औराद 1956 ला म्हैसूर राज्यात गेले, उदगीर-निलंगा मुंबई राज्यात आले. त्या नव्या हद्दीवरच्या चौकीला तिकडची माणसं नाकाच म्हणायची का आणखी काही?