शब्दचर्चा : ‘जबाबदार गुंतवणूक’ला आपल्याकडं काय म्हणावं?

टिळकवाडीकर :
आमच्या बेळगावच्या पतसंस्थेच्या सभासदांसाठी एकपानी पत्रक करायला घेतलंय. पर्यावरणाचं, कामगारांचं नुकसान न करणाऱ्या कंपन्या बघून पैसे गुंतवायचे, हा विषय. पेपरात ‘सामाजिकदृष्ट्या जबाबदार गुंतवणूक’ लिहितात, मीही तेच मथळ्याला टाकलं. काल काउंटरवर एका जुन्या सभासदानं कच्चा कागद उचलला, चष्मा कपाळावर सरकवून डोळ्याजवळ धरला आणि विचारलं, “म्हणजे पैसे बुडाले तर तुम्ही जबाबदार काय ओ?” मी गप्पच. दुसरा शब्द सुचवा.

खानापूरची :
आजोबांचं बरोबरच आहे की. हा शब्द आपण वाचतो कुठं? ‘चप्पल हरवल्यास देवस्थान जबाबदार नाही.’ ‘गाडीतल्या सामानास मालक जबाबदार नाही.’ मुळात जबाब देणारा तो जबाबदार, पण पाट्यांवर त्याचा अर्थ भरपाई देणारा असा झालाय. पैशाशेजारी बसला की हमीच वाटते. कन्नडातही ‘जवाब्दारी’च, तिकडं वळूनही सुटका नाही.

टिळकवाडीकर :
‘नैतिक’ केलं तर? किंवा ‘शाश्वत’?

खानापूरची :
नैतिक म्हटलं की बाकीच्यांच्या ठेवी अनैतिक ठरल्या, भांडायला येतील. आणि शाश्वत म्हटलं की मला कीर्तन आठवतं. देह नश्वर, आत्मा शाश्वत. शेअर बाजारात शाश्वत काय असतंय?

शहापूरचे मास्तर :
शब्द ठरवण्याआधी ही कल्पना कुठून आली ते बघूया. 1758 साली अमेरिकेत फिलाडेल्फियातल्या क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी ठरवलं की गुलामांची खरेदी-विक्री करणाऱ्याला सभेच्या कामकाजात बसू द्यायचं नाही. गोरगरिबांसाठी त्यानं दिलेली वर्गणीसुद्धा घ्यायची नाही. म्हणजे सुरुवात ‘कुठं गुंतवायचं’ अशी नाही, ‘कुणाचा पैसा नको’ अशी आहे. पुढं व्हिएतनाम युद्ध चालू असताना, 1971 मध्ये, अमेरिकेत पॅक्स वर्ल्ड फंड निघाला. युद्धाच्या धंद्यातल्या कंपन्या त्यात नकोत, हा हेतू. 1977 साली लिऑन सलिव्हन या कृष्णवर्णीय धर्मोपदेशकानं, जो जनरल मोटर्सच्या संचालक मंडळावर होता, दक्षिण आफ्रिकेत धंदा करणाऱ्या अमेरिकन कंपन्यांसाठी नियम घातले. काळ्या-गोऱ्या कामगारांना वागणूक सारखी, समान कामाला पगार सारखा.

वर्णभेदामुळं दक्षिण आफ्रिकेतून ‘पैसे काढून घ्या’ म्हणणाऱ्या तेव्हाच्या चळवळीला मराठीत काय म्हणायचं? ‘निर्गुंतवणूक’ शब्द सरकारनं आपले कारखाने विकण्यासाठी आधीच अडवून ठेवलाय. मी ‘अंग काढून घेणं’ म्हणेन.

निपाणीकर :
मास्तर, एक तक्रार. दारू, तंबाखू, जुगाराच्या कंपन्यांना ‘पापाचे शेअर’ म्हणायची पद्धत पडलीय. ती पत्रकात नको. आमच्यात आईनं विड्या वळून आम्हाला शिकवलंय, सुपातला तंबाखू मी अजून वासानं ओळखतो. 1981 च्या आंदोलनात शरद जोशींबरोबर तंबाखूचा शेतकरी रस्त्यावर बसला, गोळीबार झाला. ते भाव मागत होते, पाप विकत नव्हते. विडीनं छाती जाते हेही आम्हीच बघितलंय, म्हणून वगळा, हरकत नाही. ‘वगळलेले’ लिहा. चाळण लावली म्हणा. चाळणीत वर राहिलेल्याला कुणी शिव्या घालत नाही.

खानापूरची :
‘चाळण’ मस्त!

शहापूरचे मास्तर :
घेतलं. पण नुसती चाळण 2004 पर्यंतची म्हणा. त्या वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकारानं आलेल्या अहवालातून ‘ईएसजी’ रूढ झालं, 2006 मध्ये गुंतवणूकदारांसाठी तत्त्वं आली. आता वगळण्याबरोबर मोजणंही आलं. ईएसजीचं मराठी ‘पर्यावरण, समाज, कारभार’. ‘सुशासन’ नको, सरकारी जाहिरात वाटते. कारभार चांगला-वाईट दोन्ही असतो, आणि इथं तेच तर तपासायचंय.

आपल्याकडं शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीनं 2022-23 पासून बाजारमूल्यानं वरच्या 1000 शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना पाणी, वीज, कचरा, कामगार यांचा तपशील जाहीर करायला लावलाय. आता बघा, पोलिसांत आपण ‘जबाब’ देतो ना? तसा हा कंपनीचा जबाब. जबाबदार कंपनी आहे, काउंटरवरचा माणूस नव्हे. म्हणून ‘जबाबदार’ शब्द पुरता टाकू नका, फक्त गुंतवणुकीपुढून काढून कंपनीपुढं लावा.

खानापूरची :
‘गुंतवणूक’चंही बघा. गुंतणं म्हणजे अडकणं, गुंता. कन्नडात ‘हूडिके’ म्हणतात, त्यातला ‘हूडु’ म्हणजे औताला बैल जुंपणं. आपला पैसा अडकतो, त्यांचा जुंपला जातो.

निपाणीकर :
मग बैल कुणाच्या रानात राबतोय, एवढंच विचारायचं की.

टिळकवाडीकर :
झालं काम. मथळा : ‘आपला पैसा कुठं राबतो?’ खाली ‘जबाबदार कंपन्या’, आणि कंसात ‘ही परताव्याची हमी नव्हे’. निपाणीकर, ‘पाप’ काढलं. आता मागच्या बाजूला कन्नड हवं. राबण्याला ‘दुडि’ चालेल काय? ‘दुड्डु एल्लि दुडियुत्तदे?’

खानापूरची :
चालतंय की. दुड्डु आणि दुडि शेजारी आले, आपल्या मथळ्यापेक्षा बरं लागतंय कानाला.