मदत हवी आहे: शिक्षक होणाऱ्यांना एक सेमिस्टर परदेशात, फंडिंगसकट (अर्जंट!!)

ऋतुगंधा_०३
नमस्कार. घाईत लिहितेय, शुद्धलेखन सांभाळून घ्या. मी शिक्षक व्हायचं शिकतेय, चौथं सेमिस्टर चालू आहे. एक सेमिस्टर, जमलं तर अख्खं वर्ष, परदेशात करायचंय आणि ते फंडिंगसकट हवंय. घरी पैसे मागायचे नाहीयेत. उरलेल्या जागांची यादी काल लागली, अर्ज ३० एप्रिलपर्यंत. देश इंग्रजी बोलणाराच हवा, नाहीतर उपयोग नाही. कुणी गेलंय का? पैसे पुरतात का? प्लीज लवकर सांगा, बारा दिवस उरलेत.

पेठेतला_मास्तर
उत्साह चांगला आहे, पण नियम वाचलेत का? बी.एड. दोन वर्षांचं झाल्यापासून वीस आठवड्यांची इंटर्नशिप आहे, तिला ९० टक्के हजेरी लागते आणि बाकी वर्गांना ८०. सेमिस्टरभर गायब झालात तर परीक्षेचा फॉर्मसुद्धा भरून घेणार नाहीत. शिवाय चौथं सेमिस्टर म्हणजे तुमचं शेवटचंच. मग परदेशात करणार काय? मी अध्यापक महाविद्यालयात चौदा वर्षं शिकवतोय. मुकाट्याने पाठ पूर्ण करा, टीईटी (पात्रता परीक्षा) द्या, टेट (भरतीची चाचणी) द्या, शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवर नाव येऊ दे. मग फिरा जगभर.

विमानतळ
फुलब्राइट! शिक्षकांसाठी वेगळ्या फेलोशिप असतात, सगळा खर्च तेच करतात. माझ्या साडूच्या शाळेतल्या एक मॅडम जाऊन आल्या.

पेठेतला_मास्तर
त्या नोकरीत असलेल्या शिक्षकांसाठी असतात हो. ही मुलगी अजून शिकतेय.

विमानतळ
मग राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती?

पेठेतला_मास्तर
ती अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना पूर्ण मास्टर्स किंवा पीएच.डी. करायला मिळते. एका सेमिस्टरला नाही. धागा नीट वाचून उत्तरं देत जा की जरा.

कागदी_घोडा
मास्तर, धागा तुम्हीही वाचला नाहीये. "उरलेल्या जागांची यादी" पुण्यातल्या कुठल्या बी.एड. कॉलेजात लागते? ऋतुगंधा, चार गोष्टी सांग. तू आहेस कुठल्या देशात? विषय कोणते? पासपोर्ट कुठला? आणि यादीत काय काय उरलंय?

ऋतुगंधा_०३
अरे हो, सॉरी. मी जर्मनीत आहे, नॉर्डऱ्हाइन-वेस्टफालेनमध्ये. लेहरआम्ट (म्हणजे शिक्षक व्हायचा कोर्स), विषय इंग्रजी आणि भूगोल. आमच्याकडे इंग्रजीवाल्यांना इंग्रजी बोलणाऱ्या देशात किमान तीन महिने काढावेच लागतात, त्याशिवाय पुढे सरकता येत नाही. मला वाटलं तेवढ्यावरून कळेल. विद्यापीठाच्या देवाणघेवाणीच्या यादीत लिमरिक (आयर्लंड) आणि माल्टा उरलेत. लंडन वगैरे काही नाहीच. पासपोर्टचा काय संबंध?

पेठेतला_मास्तर
हे आधी सांगायला काय झालं होतं?

कागदी_घोडा
लंडन नाही कारण ब्रेक्झिटनंतर २०२१ पासून ब्रिटन इरॅस्मसमधून (युरोपातली विद्यार्थ्यांच्या देवाणघेवाणीची योजना) बाहेर पडलं. त्यासाठी हळहळत बसू नकोस. आणि पासपोर्टचाच तर सगळा संबंध आहे. भारतीय आहे ना?

ऋतुगंधा_०३
हो, भारतीय. बाबांसोबत बारा वर्षांची असताना आले, आता नऊ वर्षं झाली. निडरलासुंग्सएरलाउबनिस (कायम राहायचा परवाना) आहे. इरॅस्मसला पासपोर्ट बघतच नाहीत असं आमच्या कोऑर्डिनेटर म्हणाल्या.

कागदी_घोडा
इरॅस्मस बघत नाही हे खरं. तू तिथल्या विद्यापीठात दाखल आहेस एवढं त्यांना पुरतं. आयर्लंड मात्र बघतं. ते शेंगेनमध्ये (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात) नाही, त्यामुळे जर्मन कार्डावर तुला डब्लिनच्या विमानतळाबाहेरही सोडणार नाहीत. वेगळा आयरिश व्हिसा काढावा लागेल, आणि मुक्काम नव्वद दिवसांच्या वर म्हणून लाँग स्टेचा.

मौजमजा_म्युनिक
म्हणूनच माल्टा घे गं! शेंगेन आहे, व्हिसाची कटकटच नाही. समुद्र, ऊन, शिवाय इंग्रजी तिथे अधिकृत भाषा. मी दोनदा जाऊन आलोय.

कागदी_घोडा
आठवडाभर जाऊन आला असाल. जर्मन परमिटवर दुसऱ्या शेंगेन देशात १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं. सेमिस्टर त्याहून मोठं, म्हणजे माल्टातही विद्यार्थ्याचं परमिट काढायलाच लागणार. उगाच पोरीला फसवू नका.

मौजमजा_म्युनिक
फसवतोय कोण? तिला तीन महिनेच हवेत. तीन महिने म्हणजे नव्वद दिवस.

कागदी_घोडा
बोटं मोजा. सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर धरले तर ९१.

डब्लिनकरीण
दोघं शांत व्हा. ऋतुगंधा, मी सात वर्षं इथे आहे. लिमरिक मिळत असेल तर डोळे झाकून घे. तिथलं मेरी इमॅक्युलेट हे मूळचं शिक्षकांचंच कॉलेज. डब्लिनच्या मानाने भाडं बरंच कमी. डब्लिनमध्ये मी ज्या खोलीला महिना ९५० युरो मोजते तिच्या खिडकीशी सकाळी फडकं पिळावं लागतं इतकी ओल असते, आणि घोंगडीला वास येतो तो वेगळाच. व्हिसाचा अर्ज ऑनलाइन भरायचा, मग कागद पाठवायचे. निर्णयाला साधारण आठ आठवडे धर, उन्हाळ्यात जास्तच. आल्यावर नोंदणी करून कार्ड घ्यायचं, त्याची फी ३०० युरो. ही कुणी आधी सांगत नाही, म्हणून सांगतेय.

ऋतुगंधा_०३
३०० 😐 ग्रँट महिना ६०० आहे म्हणे. म्हणजे अर्धा महिना तिथेच गेला. आणि अख्खं वर्ष राहिले तर?

कागदी_घोडा
वर्ष डोक्यातून काढ. जर्मनीबाहेर सलग सहा महिन्यांपेक्षा जास्त राहिलीस तर तुझी निडरलासुंग आपोआप संपते. पत्र येत नाही, फोन येत नाही, परत येताना सीमेवर कळतं. पंधरा वर्षं झालेल्यांना थोडी सूट आहे, तुझी नऊच झालीत.

मौजमजा_म्युनिक
इतकं घाबरवायची गरज नाही. ख्रिसमसला घरी आली की घड्याळ पुन्हा शून्यापासून. माझ्या ऑफिसातली सगळी पोरं तेच करतात.

कागदी_घोडा
तुमच्या ऑफिसातल्या पोरांकडे ब्लू कार्ड (शिकलेल्या नोकरदारांचं परमिट) आहे, त्यांना बारा महिने मिळतात. नियम एकाचा, सल्ला दुसऱ्याला. ऋतुगंधा, वर्षाचाच हट्ट असेल तर निघण्याआधी आउसलेंडरबेहोर्डेकडून (परदेशी लोकांच्या परमिटांचं ऑफिस) लांबची मुदत लेखी घे. तोंडी नाही. मला एकदा खिडकीतल्या बाईंनी "काही होत नाही हो" म्हणून सांगितलं होतं. आठ महिन्यांनी परतलो, तर त्याच खिडकीत दुसऱ्या बाई. त्यांनी पासपोर्टाचं एकेक पान अंगठा ओला करून उलटलं, शिक्क्याच्या तारखा पेन्सिलीने कागदावर उतरवल्या आणि बेरीज करून कागद माझ्याकडे फिरवला. पुढचं दीड वर्ष वकिलाचे हप्ते भरले.

ऋतुगंधा_०३
बापरे. बरं, एकच सेमिस्टर. मग शरद की वसंत?

डब्लिनकरीण
शरदच. इथे सप्टेंबरमध्ये सुरू होऊन डिसेंबरात परीक्षेसकट आटपतं. वसंत जानेवारीत सुरू होतो, तेव्हा तुमचं विंटरसेमेस्टर अजून चालूच असतं आणि परीक्षा फेब्रुवारीत. दोन्ही दगडांवर पाय.

लेहरआम्ट_आजी
(आजी नाही, नाव उगाच पडलं.) मी हे सगळं करून आता शाळेत शिकवतेय. एक म्हणजे, उरलाउब्स्झेमेस्टर (रजेचं सेमिस्टर) घे, म्हणजे ते सेमिस्टर मोजणीत धरत नाहीत. दुसरं, लर्निंग अ‍ॅग्रीमेंटवर (तिथले कोर्स इथे धरायचा करार) दोन्ही विषयांच्या माणसांच्या सह्या जाण्याआधीच घे. माझी भूगोलाची सही राहिली होती, परत आल्यावर इंग्रजीचे क्रेडिट मिळाले आणि भूगोलाचा तो कोर्स पुन्हा केला. तिसरं, ६०० वर २५० ची सोशल भर मिळते. आईवडिलांपैकी कुणी पदवीधर नसेल तर, किंवा तू शिकताना नोकरी करत असशील तर बघ. पहिला हप्ता सुरुवातीला येतो, शेवटचा अहवाल दिल्यावर. त्यामुळे डिपॉझिटचे पैसे हाताशी ठेवच.

ऋतुगंधा_०३
बाबा इंजिनिअर, त्यामुळे पहिली अट गेली. पण मी बेकरीत काम करते, शनिवार-रविवार! ते चालेल का?

लेहरआम्ट_आजी
कमाईची खालची-वरची मर्यादा असते आणि जाण्याआधी काही महिने ते काम सलग केलेलं लागतं. पगाराच्या चिठ्ठ्या काढून ठेव आणि कोऑर्डिनेटरला विचार. आणि आउसलांड्स-बाफॉगचा (परदेशात शिकायला मिळणारी सरकारी मदत) अर्जही टाक. इथे मिळत नसला तरी परदेशासाठी मिळू शकतो, कारण हिशेब वेगळा आणि जाण्यायेण्याचेही देतात. आयर्लंडसाठी अर्ज हानोफरच्या ऑफिसला जातो, तुझ्या गावच्या नाही. सहा महिने आधी द्या म्हणतात. तुझ्याकडे पाचही नाहीत, म्हणजे आजच.

विमानतळ
एक विचारू? शाळेत शिकवायला भारतात का येत नाही? पुण्यात इंग्रजी शाळा ढिगाने. आजीआजोबांकडे राहायचं, भाडं शून्य.

लेहरआम्ट_आजी
चेष्टा वाटेल, पण मुद्दा चुकीचा नाही. डाडचा (जर्मनीची विद्यार्थी देवाणघेवाणीची संस्था) लेहरआम्ट.इंटरनॅशनल कार्यक्रम भावी शिक्षकांना परदेशी शाळेत अनुभव घ्यायला पैसे देत आलाय. प्रश्न एवढाच की तुझं विद्यापीठ भारताला इंग्रजी बोलणारा देश मानतं का. काही मानतात, काही नाक मुरडतात. प्रुफुंग्सआम्टला (परीक्षा कार्यालयाला) विचार, मैत्रिणींना नको.

ऋतुगंधा_०३
आजी म्हणेल ये म्हणून. पण आजीकडे मी तीन महिने मराठीच बोलेन, आणि अहवालात काय लिहू, "खरवस खाल्ला"?

मालवणी_तडको
आयर्लंडाक जातंस? मगे आमच्याच गावात जातंस म्हण! लिओ वराडकर दोनदा थयचो पंतप्रधान झालो, बापूस मुंबयचो, मूळ गाव मालवण तालुक्यातला वराड. २०१९ च्या डिसेंबरात गावाक इलो तेव्हा काय गर्दी! लिमरिकात कोण काय बोललो तर सांग, मी वराडची.

डब्लिनकरीण
तो आता पायउतार झालाय हो, २०२४ मध्ये.

मालवणी_तडको
म्हणान काय गाव बदाललो?

पेठेतला_मास्तर
मूळ विषय राहिला बाजूला. मुली, एक सांगतो. आयरिश वर्गात बसायला मिळालं तर मुलांच्या वह्या बघ. शिक्षकाने कुठे, कशी खूण केलीय ते लिहून आण. आमच्या लोकांना दाखवायला उपयोगी पडेल.

ऋतुगंधा_०३
नक्की, सर. अपडेट: लिमरिकसाठी अर्ज टाकला, फक्त शरद. बेकरीच्या चिठ्ठ्या सात मिळाल्या, मार्चची हरवलीय, मालकीण शोधून देणार आहे. हानोफरला रात्री साडेअकराला ऑनलाइन अर्ज गेला. भूगोलाचे प्राध्यापक गुरुवारीच भेटतात, त्यामुळे सही गुरुवारी. डब्लिनकरीणताई, व्हिसाला बँकेचं स्टेटमेंट किती महिन्यांचं लागतं?

डब्लिनकरीण
सहा महिन्यांचं. आणि बेकरीचा पगार ज्या खात्यात येतो तेच दे. त्यात मध्येच बाबांनी मोठी रक्कम टाकली असेल तर ती कुठून आली याचं त्यांच्या सहीचं पत्र जोड.

ऋतुगंधा_०३
टाकलीय. कालच. 🙈