मदत हवी आहे : दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या पोटातली जुनी सेव्हन-झिप कशी बदलू?

नमस्कार भाऊहो, ताईहो. दिग्रस तालुक्यात गावातच सेवा केंद्र चालवतो. पीकविम्याच्या दिवसांत लोक सातबारा, आधार, पासबुक झिप करून पाठवतात, आणि त्या फाइली उघडल्याशिवाय काम होत नाही.

त्यासाठी सेव्हन-झिप हा आवळलेल्या फाइली उघडणारा प्रोग्राम वापरतो. त्याच्या २४.०७ आधीच्या काही आवृत्त्यांत झेडस्टँडर्ड (फाइल आवळायची एक पद्धत) फाइल उलगडणाऱ्या कोडात दोष होता, त्याचा नोंद क्रमांक सीव्हीई-२०२४-११४७७. फाइलीतला आकडा नीट तपासला जात नाही, वजाबाकी शून्याखाली घसरून भलामोठा आकडा बनतो आणि मेमरीत हद्दीबाहेर लिहिलं जातं. मुद्दाम बनवलेली फाइल उघडली की हल्लेखोराचा कोड चालू शकतो. २४.०७ मध्ये दुरुस्ती आली, पण सेव्हन-झिप स्वतःहून अपडेट होत नाही, म्हणून सगळ्या मशीनवर हातानं नवी टाकली.

अडलं ते पुढं. हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या फोल्डरमध्ये ७झेड.डीएलएल (सेव्हन-झिपचा फाइल उलगडणारा कोड असलेली फाइल) वेगळीच सापडली, प्रॉपर्टीजमध्ये आवृत्ती २४.०५. नवी सेव्हन-झिप टाकूनही ती तशीच राहिली. तिच्या जागी नवी डीएलएल ठेवली तर सॉफ्टवेअर बंद पडेल का? ३२ बिट, ६४ बिटचं काय पाहायचं? आणि अशा दडलेल्या प्रती सगळ्या डिस्कवर कशा शोधायच्या? गावभरच्या लोकांचे आधार नंबर या मशीनवर आहेत जी, ज्यांनी हे केलं असेल त्यांनी कृपया सांगा.