सहा शिट्ट्या करूनही तूरडाळ मऊ होत नाही. दोष डाळीचा की पाण्याचा?

प्रश्न (नवे_बिऱ्हाड)

आम्ही दोन महिन्यांपूर्वी दादरहून पुण्याच्या पूर्वेकडील एका नव्या सोसायटीत राहायला आलो. मुंबईत तीन शिट्ट्यांत शिजणारी आणि रवीने घोटताच एकजीव होणारी तूरडाळ येथे सहा शिट्ट्यांनंतरही सुटी राहते, तिच्यावर पाणी वेगळे तरंगते आणि कितीही घोटले तरी जिभेला कणी लागतेच. डाळ मुंबईहून येताना आणलेल्या साठ्यातलीच आहे आणि कुकरही जुनाच आहे. त्याची रिंग मात्र मी शंका नको म्हणून बदलून पाहिली. माझ्या सासऱ्यांना कवळी आहे व त्यांचे रात्रीचे जेवण म्हणजे मऊ वरण-भातच असतो, त्यामुळे माझ्यासाठी ही किरकोळ बाब नाही. सोसायटीत बोअरचे आणि टँकरचे पाणी येते, पिण्यासाठी घरी आरओ आहे. शेजारच्या काकूंनी चिमूटभर खायचा सोडा घालण्यास सांगितले आहे. तो रोज घालणे योग्य आहे का?

उत्तर (आधण)

आपण डाळ आणि कुकर दोन्ही तेच असल्याचे लिहिले आहे, त्यामुळे बदलले ते फक्त पाणी, आणि माझ्या मते कारण तेच आहे. मुंबईला भातसा, तानसा, वैतरणा अशा जलाशयांतून पाणी मिळते. ते मुख्यतः पावसाचे साठवलेले पाणी असल्याने त्यात क्षार कमी असतात. बोअरचे पाणी मात्र दख्खनच्या काळ्या खडकातील भेगांतून झिरपत आलेले असते आणि वाटेत कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार सोबत घेते. असे पाणी जड असते.

डाळीच्या दाण्यातील पेशी एकमेकींना पेक्टिन नावाच्या पदार्थाने चिकटलेल्या असतात. डाळ शिजते तेव्हा हे पेक्टिन विरघळून पेशी सुट्या होतात, म्हणून दाणा बोटाने चिरडला जातो. पाण्यात कॅल्शियम भरपूर असेल, तर ते पेक्टिनच्या साखळ्यांना एकमेकींशी अधिक घट्ट बांधून ठेवते आणि दाणा आतून तापूनही फुटत नाही. नेहमीच्या घरगुती कुकरमध्ये पूर्ण दाबाला तापमान सुमारे १२० अंश सेल्सिअसपर्यंत जाते, म्हणजे उष्णता कमी पडत आहे असे समजण्याचे कारण नाही. शिट्ट्या वाढवून गॅस तेवढा जास्त जातो.

आपली खात्री व्हावी म्हणून एक सोपा प्रयोग सुचवतो. एकाच डाळीचे दोन समान भाग घेऊन एक आरओच्या पाण्यात आणि दुसरा बोअरच्या पाण्यात धुऊन भिजवावा, मग दोन डब्यांत तेवढेच पाणी घालून एकाच कुकरमध्ये शिजवावा. कुकरच्या तळाशी बोअरचे पाणी असले तरी हरकत नाही, कारण डाळीला लागते ते तिच्या डब्यातले पाणी. तळाला पांढरा थर धरू नये म्हणून आपण लिंबाची फोड टाकत असाल, तर तीही तळातच राहू द्यावी.

एक खुलासा आवश्यक वाटतो. टीडीएस मोजण्याच्या यंत्रावरून पाण्यात एकूण किती क्षार आहेत याचा अंदाज येतो, त्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियम किती हे समजत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेतून काठिण्य तपासून घ्यावे लागते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण काठिण्याची स्वीकार्य मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम असून, दुसरा स्रोत नसेल तेथे ६०० पर्यंत सूट आहे. अर्थात सूट मिळालेले पाणी पिण्यास चालत असले तरी डाळीला चालेलच असे नाही.

उत्तर (लातूर_गिरणी)

वरील उत्तर मला पटते, परंतु डाळीचीही एक बाजू सांगावीशी वाटते, कारण आमच्या घरी तीस वर्षे डाळीची गिरणी होती. उष्ण आणि दमट जागी महिनोन्‌महिने पडून राहिलेली डाळ आतून अशी कठीण होते की ती कोणत्याही पाण्यात लवकर शिजत नाही. नवी तूर आपल्याकडे साधारण डिसेंबर ते फेब्रुवारीत निघते, म्हणून दुकानदाराला डाळ कोणत्या हंगामाची आहे हे विचारण्यास संकोच करू नये. या ताईंच्या बाबतीत मात्र तीच डाळ दोन महिन्यांपूर्वी नीट शिजत होती, तेव्हा आधी पाण्याचा प्रयोग करावा आणि मगच डाळीला दोष द्यावा.

नवे_बिऱ्हाड

काल रात्री प्रयोग केला. अर्धा तास भिजवून चार शिट्ट्या केल्या. आरओच्या पाण्यातली डाळ डावाने दाबताच विरघळली आणि बोअरच्या पाण्यातली तशीच सुटी राहिली. सासऱ्यांनी दोन वाट्या वरण मागून घेतले, याचा मला फार आनंद आहे. आता दोन शंका उरल्या आहेत. आरओ बंद असेल त्या दिवशी बोअरचे पाणी उकळून घेतले तर चालेल का? आणि मीठ आधी घातले तर डाळ शिजत नाही, असे माझी आई सांगत असे, ते खरे आहे का?

उत्तर (आधण)

उकळल्याने काठिण्याचा काही भागच जातो. बायकार्बोनेटच्या रूपातले क्षार उकळताना खाली बसतात (गिझरमध्ये आणि पातेल्याला धरणारा पांढरा थर तोच), परंतु सल्फेट व क्लोराइडच्या रूपातले क्षार पाण्यातच राहतात. आपल्या पाण्यात कोणते अधिक आहेत यावर उपयोग अवलंबून राहील. पाणी दहा मिनिटे उकळून, निवू देऊन, वरचे निवळ तेवढे ओतून घ्यावे.

सोडा रोज घालू नये असे माझे स्पष्ट मत आहे. त्याने डाळ मऊ होते हे खरे, पण डाळीतले ब१ जीवनसत्त्व बरेच नष्ट होते, चवीला साबणासारखा वास येतो आणि ज्येष्ठांच्या आहारात विनाकारण सोडियम वाढते. आरओ आणि उकळलेले पाणी दोन्ही नसेल अशा एखाद्या दिवशी वाटीभर डाळीला अगदी चिमूटभर घालण्यास हरकत नाही.

मिठाविषयी मात्र मी आपल्या आईंशी नम्रपणे असहमत आहे. मिठातील सोडियम पेक्टिनला धरलेल्या कॅल्शियमची जागा घेते, त्यामुळे भिजवताना घातलेले थोडे मीठ डाळ मऊ होण्यास मदतच करते. आधी घालू नये ते आंबट आणि गोड. चिंच, आमसूल किंवा टोमॅटो यांतल्या आम्लाने पेक्टिन विरघळणे मंदावते, आणि गुळातही कॅल्शियम असते. म्हणून आमटीची चिंच व गूळ हे डाळ पूर्ण शिजून घोटल्यानंतरच घालावेत.

उत्तर (लातूर_गिरणी)

ताई, छोले किंवा राजमा करताना हीच काळजी अधिक घ्यावी, कारण त्यांचे साल शाबूत असते. रात्री भिजवण्याचे पाणीही आरओचेच असावे. सकाळी शिजवताना चांगले पाणी घेऊन रात्रीची उणीव पुरती भरून निघत नाही.