आठव्या-नवव्या महिन्यातला प्रवास: तुमचे अनुभव सांगा

मला काल ३० आठवडे पूर्ण झाले. अजून तीन आठवड्यांनी कामासाठी पाच तासांचं विमान आहे, चार दिवस मुक्काम आणि परत. बाळ एकच आहे, बीपी-शुगर व्यवस्थित आहे, डॉक्टर म्हणाल्या हरकत नाही. म्हणजे 'जाऊ का' हा प्रश्न सुटलाय, 'नीट कशी जाऊ' हा राहिलाय.

'भरपूर पाणी प्या आणि काळजी घ्या' हे सगळीकडे वाचून झालंय. त्यापलीकडचं सांगा. एवढं पोट घेऊन त्या सीटमध्ये तुम्ही प्रत्यक्ष कसे तास काढलेत? ज्यांचं काही बिनसलं त्यांनी तर लिहाच. गाडीचे, ट्रेनचे अनुभवही चालतील.

३४ आठवडे, सहा तासांचं विमान

मी हौसेने खिडकी घेतली होती. पहिल्या दोन तासांत चार वेळा उठले. शेजारचे आजोबा बिचारे प्रत्येक वेळी पांघरूण, चष्मा, पुस्तक आवरून उभे राहायचे. पाचव्या वेळी ते स्वतःच म्हणाले, "पोरी, तू इकडे बस, मी आत सरकतो." तेव्हा आयल सीटच, म्हणजे वाटेकडेचीच घे, आणि टॉयलेटपासून चार-पाच ओळींवरची घे. अगदी चिकटून नको, तिथे रांग आपल्या डोक्याशी उभी राहते. पाय पसरायला जागा म्हणून इमर्जन्सी दाराजवळची ओळ निवडू नकोस, गरोदर बाईला तिथे बसू देत नाहीत.

सीटच्या पट्ट्याचं मात्र नीट सांगते, कारण मी तो चुकीचा बांधला होता. सवयीने पोटाच्या मधोमध ओढला आणि घट्ट वाटला म्हणून सैल केला. एअर होस्टेसने पाहिलं, खाली वाकली आणि स्वतः सारखा करून दिला. पोटाच्या खाली, मांड्या जिथे सुरू होतात तिथे, कमरेच्या हाडांवर टेकलेला आणि तिथे चांगला घट्ट. पोट त्याच्या वर मोकळं. अपुरा पडला तर जोडपट्टा मिळतो, आत शिरतानाच मागून ठेवायचा. आणि पट्टा पांघरुणावरून बांध, म्हणजे झोप लागली तरी तो लावलाय हे त्यांना दिसतं आणि तपासायला कोणी उठवत नाही.

जुळी

माझा अनुभव कडू आहे. जाताना ३१ आठवडे होते, कोणी काही विचारलं नाही. परत येताना ३२ आणि वर तीन दिवस. चेक-इन काउंटरवरच्या मुलीने डॉक्टरांचं पत्र वाचलं, मान वर करून विचारलं, "एकच ना?" मी सरळ सांगितलं, जुळी आहेत. तिने वरिष्ठांना बोलावलं आणि मला विमानात घेतलं नाही.

तेव्हा राग आला, पण चूक माझी होती. बहुतेक कंपन्या एक बाळ असेल तर साधारण ३६ आठवड्यांपर्यंत नेतात आणि जुळ्यांना ३२ पर्यंतच. मी आठवडे जाण्याच्या तारखेला मोजले होते, परतीच्या नाही. शिवाय माझ्या पत्रात नुसतंच 'प्रवासास हरकत नाही' असं होतं. पत्रात ड्यू डेट हवी, एकच बाळ की जुळी ते हवं, गुंतागुंत नाही हे हवं, कोणत्या तारखेपर्यंत प्रवास चालेल ते हवं, सही-शिक्का हवा. साधारण २८ आठवड्यांनंतर बऱ्याच कंपन्या हे पत्र मागतात. काहींना ते प्रवासाच्या आधीच्या मोजक्या दिवसांतलंच लागतं, महिनाभर जुनं चालत नाही. तुझ्या कंपनीचा नियम तिच्याच साइटवर वाच. कनेक्टिंग असेल आणि दुसरी कंपनी असेल तर तिचाही. मैत्रिणीला चाललं म्हणून आपल्याला चालेल असं नसतं.

परतीला शेवटी ट्रेन केली, दोन टप्प्यांत, मध्ये एक रात्र थांबून. खालचा बर्थ मिळाला म्हणून निभावलं.

विम्याबद्दल दोनच ओळी

प्रवास विमा काढला असेल तर गरोदरपणाचं कलम शोधून वाच. ठरावीक आठवड्यांनंतर तो लागू होत नाही, किंवा आईचा खर्च मिळतो आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळाचा नाही, असं त्यात बारीक अक्षरात असू शकतं.

नवऱ्याकडून

बायकोच्या परवानगीने लिहितोय. ३२ वा आठवडा, आठ तासांचं विमान. डॉक्टरांनी तिला गुडघ्यापर्यंतचे कॉम्प्रेशन स्टॉकिंग्ज, म्हणजे पाय आवळून धरणारे मोजे, घालायला सांगितले होते. मला वाटलं, मोजेच तर आहेत! सकाळी अर्धा तास आम्ही दोघं त्या मोज्यांशी झुंजत होतो. तिला वाकता येत नाही, मला ओढता येत नाही, कापड बोटांतून निसटतं. मग दुकानदाराने सांगितलेलं आठवलं आणि भांडी घासायचे रबरी हातमोजे चढवले. दोन मिनिटांत काम झालं. मोजा टाचेपर्यंत उलटा करून आधी पाऊल बसवायचं, मग हळूहळू वर सरकवायचा. वरचा काठ दुमडायचा नाही, गुडघ्यामागे सुरकुती ठेवायची नाही, नाहीतर तिथेच आवळतो. आणि हे सगळं सकाळी उठल्या उठल्या, सूज चढायच्या आत. माप पोटरीचा घेर मोजून घ्या. अंदाजाने आणलेली पहिली जोडी आमची वाया गेली.

एवढं करून मी तिचे बूट विसरलो. म्हणजे आणले होते, तेच नेहमीचे लेसचे. तिने विमानात काढून ठेवले आणि उतरताना पाय आत जाईनात. माझ्या सँडल तिने घातल्या आणि मी तिच्या बुटांच्या टाचा दाबून, फरपटत, बॅगांसकट बाहेर आलो. तिला अजून आठवलं की हसू आवरत नाही.

प्रसूती विभागात काम करते, स्वतःही ३२ व्या आठवड्यात उडाले आहे

वर पायांचा विषय निघालाच आहे तर सांगते. गरोदरपणात रक्त गोठण्याकडे शरीराचा कल आधीच वाढलेला असतो. त्यात चार तासांहून जास्त एका जागी बसलं की पोटरीतल्या शिरेत गुठळी होण्याचा धोका आणखी वाढतो. म्हणून स्टॉकिंग्ज, म्हणून दर तासा-दीड तासाने उठून चालणं, म्हणून बसल्या जागी घोटे गोल फिरवणं आणि टाचा-चवडे आळीपाळीने उचलणं. दोन्ही पाय सारखे सुजले तर ते बहुतेक वेळा नेहमीचंच असतं. एकच पोटरी सुजली, दुखली, गरम लागली तर थांबायचं नाही, दाखवायचं. छातीत दुखलं किंवा अचानक धाप लागली तर लगेच, तिथल्या तिथे सांगायचं. हा धोका विमानातून उतरलं की संपत नाही. बाळंतपणानंतरही पहिले सहा आठवडे तो असतो.

३६ आठवड्यांची मर्यादा का, असं मला फार विचारतात. वर गेल्याने बाळाला इजा होते असा बऱ्याच जणांचा समज असतो. तसं नाही. केबिनमधला दाब साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीवर असतो तितका ठेवलेला असतो. आईच्या रक्तात ऑक्सिजन थोडा कमी होतो खरा, पण बाळाचं हिमोग्लोबिन वेगळं असतं, ते ऑक्सिजन जास्त घट्ट धरून ठेवतं. निरोगी गरोदरपणात बाळाला त्याचा त्रास होत नाही. मर्यादा आहे ती कळांसाठी. शेवटच्या महिन्यात त्या केव्हाही सुरू होऊ शकतात आणि आकाशात तुमच्याजवळ असतात एक अरुंद वाट आणि घाबरलेले प्रवासी.

ज्यांना अंगावरून रक्त जातंय, वार (प्लासेंटा) खाली आहे, बीपी वाढलंय, रक्त फार कमी आहे, पाणी गळतंय, किंवा आधीचं बाळंतपण दिवस भरण्याआधी झालंय त्यांनी इथले आमचे अनुभव वाचून ठरवू नये. त्यांचा निर्णय त्यांच्या डॉक्टरांचा.

विमानतळावरच्या तपासणीच्या दारातून जायला भिऊ नका. त्या कमानीत क्ष-किरण नसतात, ते बॅगांच्या यंत्रात असतात. तरी मन खात असेल तर हाताने तपासा म्हणून सांगता येतं.

पहिल्या वेळी ३१ आठवडे, दुसऱ्या वेळी ३५

मी पहिल्या वेळी कोणीतरी सांगितलं म्हणून ॲस्पिरिनची गोळी घेऊन बसले होते, रक्त पातळ राहतं म्हणे. असं अजून कोणी केलंय का?

वरचीच, प्रसूती विभागातली

नका घेऊ. काहींना बीपीच्या कारणासाठी डॉक्टरांनी लहान डोसची ॲस्पिरिन दिलेली असते. त्यांनी ती तशीच चालू ठेवायची, ती वेगळी गोष्ट. आपल्या मनाने विमानासाठी म्हणून नाही. ज्यांना खरंच गुठळीचा धोका जास्त आहे त्यांना डॉक्टर हेपरिनची, म्हणजे गुठळी होऊ न देणारी, इंजेक्शनं देतात. ती हातातल्या बॅगेत ठेवा आणि सोबत पत्र ठेवा, सुया पाहून विचारतात.

गॅस!

कोणी लिहीत नाहीये म्हणून मी लिहिते. वर गेल्यावर हवेचा दाब कमी होतो आणि पोटातला वायू फुगतो. इतर वेळी चालून जातं, पण आठव्या महिन्यात आतडी आधीच कोपऱ्यात ढकललेली असतात. मी विमानतळावर थंडगार सोडा प्यायले होते. पुढचे दोन तास बरगड्यांखाली अशी कळ, की मला वाटलं झालं, आता इथेच. शेवटी निघाला तो नुसता वायू. इंजिनाच्या आवाजाने लाज राखली.

गाडीने, ३३ आठवडे

विमान परवडलं असं म्हणायची वेळ आली, कारण विमानात खड्डे कमी असतात. नऊ तासांचा रस्ता होता, आम्ही दर दोन तासांनी थांबत होतो. सीट मागे सरकवून थोडी कलती केली होती. खालचा पट्टा पोटाखाली, वरचा दोन स्तनांच्या मधून पोटाच्या कडेने. पट्ट्याखाली उशी घालायचा मोह होतो, घालू नका, पट्टा जागचा सरकतो. एअरबॅग आहे म्हणून पट्टा नको असंही नाही.

पाचव्या तासाला पोट दगडासारखं कडक व्हायला लागलं. पहिल्यांदा दुर्लक्ष केलं. मग घड्याळ लावलं, पंधरा-वीस मिनिटांनी येत होतं. गाडी बाजूला घेतली, डॉक्टरांना फोन केला. त्या म्हणाल्या, आधी लघवीला जा, दोन ग्लास पाणी पी, डाव्या कुशीवर अर्धा तास पड आणि मोज. वाढत गेलं किंवा पाणी-रक्त दिसलं तर जवळचं हॉस्पिटल गाठ. मागच्या सीटवर गाडीचं दार उघडं टाकून पडले, पाय बाहेर. हळूहळू थांबलं. थांबण्याचा कंटाळा करून एक टप्पा गाळला होता आणि तीन तास लघवी धरून बसले होते, त्याचं हे फळ. त्या अर्ध्या तासात मला कळलं, की वाटेत कुठे कोणतं हॉस्पिटल आहे हे आम्ही पाहिलंच नव्हतं. तुम्ही निघण्याआधी पाहा. रक्तगट, शेवटची सोनोग्राफी, चालू औषधं यांचे फोटो मोबाइलमध्ये असू द्या आणि एक कागदी प्रतही, कारण मोबाइल नेमका तेव्हाच मान टाकतो.

नाही गेले

३५ व्या आठवड्यात तिकीट होतं. आदल्या दिवशी दुपारी लक्षात आलं, बाळ नेहमीसारखं हलत नाहीये. बॅग भरण्याच्या नादात किती वेळ लक्ष नव्हतं हेही आठवेना. जाऊन तपासून घेतलं, ठोके व्यवस्थित होते, बाळ ठीक होतं. तरी तिकीट रद्द केलं. खोटं कशाला बोलू, चिडचिड झाली. सगळे तिकडे जमले होते आणि मी घरी पाय वर करून. अजूनही मला वाटतं, गेले असते तरी चाललं असतं. पण त्या रात्री विमानात बसून मी हालचालीच मोजत राहिले असते, झोप काही लागली नसती.

व्हीलचेअर

मला चालता येत होतं म्हणून मी व्हीलचेअर मागितली नाही. लोक काय म्हणतील, धडधाकट तर आहे! विमानतळावरचा लांबच लांब रस्ता चालले, मग रांगेत चाळीस मिनिटं उभी. डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि मी सरळ जमिनीवर बसकण मारली. मग खुर्ची आली, पाणी आलं, अधिकारी आले, सगळे आले. जी लाज टाळायची होती ती दुप्पट झाली. दुसऱ्या वेळी तिकीट काढतानाच नोंदवली. साधारण दोन दिवस आधी कळवलेलं बरं.

धागाकर्ती, तीन आठवडे आणि चार दिवसांनी

काल रात्री परत आले. सगळ्यांना एकत्रच उत्तर देते.

पत्र जाताना कोणी पाहिलं नाही, येताना दोनदा पाहिलं आणि ड्यू डेट बोट ठेवून वाचली. जुळ्यांच्या ताई, तुमच्यामुळे त्यात परतीची तारीख लिहून घेतली होती. आयल सीट, टॉयलेटपासून पाचवी ओळ. जोडपट्टा आत शिरतानाच मागितला. व्हीलचेअर जाताना नाही घेतली, येताना घेतली, आणि आता वाटतं दोन्ही वेळा घ्यायला हवी होती. परतीच्या दिवशी हॉटेलात रबरी हातमोजे कुठून आणणार? सफाईवाल्या मावशींकडे मागितले. कशाला हवेत ते ऐकून त्यांनी मला पलंगावर बसवलं आणि स्टॉकिंग्ज स्वतःच चढवून दिले.

बुटांचं वाचूनही मी लेसचेच घातले होते. शेवटी मांडीवर घेऊन, खुर्चीत बसून बाहेर आले.