सीए इंटर: वाचताना सगळे समजते, पेपरात मात्र सुचत नाही. अभ्यासाची पद्धत कशी बदलावी?

ऐरोलीकरीण

नमस्कार. मी ऐरोलीला राहते आणि नौपाड्यातील एका सीएंच्या कार्यालयात सकाळी साडेदहा ते संध्याकाळी साडेसहा काम करते. नोंदी, बँक रिकन्सिलिएशन आणि जीएसटीची विवरणपत्रे हे माझे रोजचे काम आहे. जानेवारीत सीएच्या इंटरमीडिएट परीक्षेचा पहिला ग्रुप (दोनपैकी एक, तीन पेपरांचा) दुसऱ्यांदा दिला. अकाउंट्स ४७, लॉ ३८, टॅक्स ५२, एकूण १३७. म्हणजे प्रत्येक पेपरात किमान ४० गुणांची अट लॉमध्ये दोन गुणांनी हुकली आणि तीन पेपर मिळून १५० गुणांची अट तेरा गुणांनी.

कामाच्या दिवशी मला तीन तास मिळतात, एक पहाटे आणि दोन रात्री. रविवार पूर्ण मोकळा असतो. आतापर्यंत मी व्याख्यानांचे व्हिडिओ दीडपट वेगाने पाहिले, स्टडी मटेरियलमधील सोडवलेली उदाहरणे ओळ न् ओळ वाचली आणि महत्त्वाच्या वाक्यांवर तीन रंगांच्या खुणा केल्या. लॉच्या पुस्तकाची काही पाने तर आता पूर्णच पिवळी झाली आहेत. वाचताना अडत नाही, पण पेपर हातात आला की उत्तराची सुरुवात कुठून करावी हेच सुचत नाही. दहावीपर्यंतचे शिक्षण मराठी माध्यमात झाल्यामुळे लॉची उत्तरे इंग्रजीत लिहिताना आणखी वेळ जातो. सप्टेंबरला पुन्हा बसायचे आहे. अभ्यासाचे तास वाढवणे मला शक्य नाही. तेवढ्याच तासांत पद्धत कशी बदलावी, याबद्दल अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

जुनी खतावणी

मी ठाण्यातच प्रॅक्टिस करतो आणि इंटरचा पहिला ग्रुप मलाही तिसऱ्या प्रयत्नात मिळाला होता, त्यामुळे हे उत्तर उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याचे नाही, एवढे गृहीत धरा.

विषय न कळलेल्या विद्यार्थ्याला १३७ गुण मिळत नाहीत. तुमची अडचण सोडवलेली उदाहरणे वाचण्यात आहे. सोडवलेल्या उदाहरणात पहिली ओळ आधीच लिहिलेली असते आणि परीक्षेत नेमकी तीच ओळ स्वतःला सुचावी लागते. कोणती वर्किंग नोट (उत्तरासाठी लागणारी पूरक आकडेमोड) आधी घ्यायची, कोणते खाते उघडायचे, प्रश्नातला कोणता आकडा नुसता गोंधळात टाकण्यासाठी दिला आहे, हे सगळे निर्णय उत्तर तयार करणाऱ्याने घेऊन टाकलेले असतात. आपण फक्त मान डोलावतो.

एक लहान उदाहरण घ्या. कंपनीचे वर्षारंभी, म्हणजे १ एप्रिलला, २,००,००० समभाग आहेत. १ ऑक्टोबरला दोन समभागांमागे एक या प्रमाणात बोनस, म्हणजे मोफत, समभाग दिले. वर्षाचा निव्वळ नफा ६,००,००० रुपये. प्रति समभाग उत्पन्न किती? सवयीने हात सहा महिन्यांचे प्रमाण लावतो, भारित सरासरी २,५०,००० काढतो आणि उत्तर २.४० रुपये लिहितो. बोनस समभागांतून कंपनीकडे नवा पैसा येत नाही, म्हणून लेखामानक २० (प्रति समभाग उत्पन्न काढण्याचा हिशेबी नियम) प्रमाणे ते दाखवलेल्या सर्वांत आधीच्या कालावधीच्या सुरुवातीपासूनच होते असे धरायचे असते. भागिले ३,००,००० आणि उत्तर २ रुपये. गेल्या वर्षीचा आकडाही ३,००,००० समभागांवरच पुन्हा काढावा लागतो. हा फरक वाचताना प्रत्येकाला पटतो. तरीही रोखीने विकलेल्या समभागांना वेळेचे प्रमाण लावण्याची सवय इतकी पक्की असते, की स्वतः एकदा २.४० लिहून चुकल्याशिवाय तो मनात बसत नाही, निदान माझ्या मनात तरी बसला नव्हता.

म्हणून यापुढे कोणतेही उदाहरण आधी उत्तर झाकून, कोऱ्या कागदावर, घड्याळ लावून सोडवा. तीन तासांत १०० गुण म्हणजे एका गुणाला १.८ मिनिटे, म्हणून १४ गुणांच्या प्रश्नाला साधारण २५ मिनिटे. वेळ संपली की पेन खाली ठेवा आणि मगच उत्तर उघडा. चुकांसाठी एक वेगळी वही ठेवा आणि प्रत्येक चुकीचे कारण एका ओळीत लिहा, उदाहरणार्थ ‘बोनसला महिने लावले’. ‘दुर्लक्ष झाले’ हे कारण त्या वहीत चालणार नाही. त्यातून पुढच्या वेळी काय करायचे हे कळत नाही. चुकलेले गणित तीन दिवसांनी पुन्हा करा आणि आणखी आठ-दहा दिवसांनी परत एकदा.

त्याआधी एक काम तातडीने करा. निकालानंतर ठरावीक मुदतीत अर्ज केल्यास इन्स्टिट्यूटकडून, म्हणजे परीक्षा घेणाऱ्या सीए संस्थेकडून, आपल्या उत्तरपत्रिकांच्या प्रमाणित प्रती मिळतात. त्या मागवा. तेरा गुण कुठे गेले हे आम्ही सगळे अंदाजाने सांगणार. त्या प्रतींत ते लिहिलेले असेल.

वाशीची प्राध्यापिका

मी लेखाशास्त्राची नाही, मानसशास्त्र शिकवते. तरी तुमचा प्रश्न माझ्या विषयात बराच अभ्यासला गेला आहे, म्हणून लिहिते.

रोडिगर आणि कार्पिकी या संशोधकांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचला, तर काहींनी तो न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. एका आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे स्पष्टपणे पुढे गेले. व्हिडिओ संपताना तुम्हाला जे ‘समजले’ असे वाटते, ते या पाच मिनिटांनंतरच्या परीक्षेसारखे आहे. डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये अभ्यासाच्या दहा पद्धतींचा आढावा घेतला, त्यात खुणा करणे आणि पुन्हा वाचणे यांची उपयुक्तता कमी ठरली, तर स्वतःची चाचणी घेणे आणि अभ्यास दिवसांच्या अंतराने विभागणे या दोन पद्धती वरच्या श्रेणीत आल्या. पिवळ्या पानांचे दुःख मी समजू शकते. माझ्या पदवीच्या पुस्तकांचीही तीच अवस्था आहे.

‘जुनी खतावणी’ यांच्या सूचनेत मी एकच भर घालीन. एकाच प्रकरणातील गणिते ओळीने सोडवू नका. ‘कर्जखर्च’ असे शीर्षक असलेल्या प्रकरणात बसले की लेखामानक १६ लावायचे आहे हे पुस्तकानेच सांगितलेले असते. परीक्षेत ते कोणी सांगत नाही. कर्जखर्च, परकीय चलन, गुंतवणूक आणि भाडेपट्टा यांचे दोन-दोन प्रश्न चिठ्ठ्यांवर लिहून त्या पिसून घ्या आणि हाती येईल तो सोडवा. रोरर आणि टेलर यांच्या २००७ च्या प्रयोगात गणिताचे प्रकार असे मिसळून सराव करणाऱ्यांना सरावाच्या वेळी कमी गुण मिळाले आणि नंतरच्या परीक्षेत जास्त. म्हणजे पहिले काही आठवडे अभ्यास बिघडल्यासारखे वाटेल. त्या काळात पुन्हा व्हिडिओंकडे वळू नका.

कलम आणि कंस

वरील दोन्ही उत्तरे अकाउंट्सपुरती मला पूर्ण मान्य आहेत, परंतु लॉला तीच पद्धत जशीच्या तशी लावली तर फसगत होईल, कारण जे कधी नीट वाचलेलेच नाही ते कोरा कागद समोर ठेवून आठवणार कसे? लॉमध्ये मूळ तरतूद एकदा अगदी सावकाश, ‘आणि’ व ‘किंवा’ यांवर बोट ठेवून वाचावीच लागते. दीडपट वेगाच्या व्हिडिओत हेच शब्द निसटतात.

कंपनी कायद्यातले वार्षिक सर्वसाधारण सभेचे कलम ९६ घ्या. कंपनीची मागची सभा १० मे २०२४ रोजी झाली आणि आर्थिक वर्ष ३१ मार्च २०२५ ला संपले. पुढची सभा कधीपर्यंत घ्यावी लागेल? बहुतेक विद्यार्थी वर्ष संपल्यापासून सहा महिने मोजून ३० सप्टेंबर लिहितात. दोन सभांमध्ये पंधरा महिन्यांपेक्षा जास्त अंतर नको, ही दुसरी अट त्याच कलमात आहे आणि ती मुदत ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यातच संपते. दोन्ही अटी पाळायच्या म्हणजे जी आधी संपते ती लागू. रजिस्ट्रारने विशेष कारणासाठी मुदतवाढ दिली असेल तर गोष्ट वेगळी, आणि ती तीन महिन्यांपेक्षा जास्त मिळत नाही.

उत्तर लिहिताना आधी तरतूद, मग प्रश्नातील वस्तुस्थितीला ती कशी लागू होते, आणि शेवटी निष्कर्ष, हा क्रम मोडू नका. नुसता बरोबर निष्कर्ष लिहिला तर थोडेच गुण हाती लागतात. कलमाचा क्रमांक नक्की आठवत नसेल तर तो गाळून तरतूद लिहा. चुकीचा क्रमांक घालू नका.

भाषेबद्दल सांगायचे तर मीही मराठी माध्यमाचा. मी तरतूद आधी मराठीत मोठ्याने स्वतःलाच समजावत असे, अगदी आईला सांगावी तशी, आणि मग पुस्तक मिटून तीच इंग्रजीत चार ओळींत लिहीत असे. सुंदर इंग्रजीची गरज नाही. कायद्यातले ठरावीक शब्दप्रयोग हाताला बसले की वाक्य आपोआप पुरे होते. रोज दोन तरतुदी लिहा. त्याला पाऊण तास लागतो.

ऐरोलीकरीण

सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी पुन्हा लिहिते आहे, कारण दरम्यान उत्तरपत्रिकांच्या प्रती हाती आल्या.

माझा अंदाज पूर्ण चुकला होता. लॉमध्ये माहिती कमी पडली असे मी धरून चालले होते. प्रत्यक्षात तीन ठिकाणी माझा निष्कर्ष बरोबर आहे आणि तरतूद मी लिहिलेलीच नाही. शिवाय पाच गुणांचा एक उपप्रश्न मी सोडवलेलाच नाही. प्रश्नपत्रिका पुन्हा पाहिली तेव्हा कळले, की तो पान उलटल्यावर सर्वांत वर होता आणि मी पान उलटलेच नव्हते. वेळ कमी पडल्याचे खापर मी इतके दिवस विनाकारण इंग्रजीवर फोडत होते. अकाउंट्समध्ये मात्र वेळच कमी पडला. शेवटच्या मोठ्या प्रश्नाच्या फक्त वर्किंग नोट्स झाल्या आहेत.

मागच्या रविवारपासून परीक्षेच्याच वेळेला, दुपारी दोन ते पाच बसते आहे. जेवणानंतर इतकी झोप येते हे मला आधी कधी कळलेच नाही, कारण दुपारी अभ्यास केलाच नव्हता. पावणेदोनला प्रश्नपत्रिका हातात घेते आणि वाचनाच्या पंधरा मिनिटांत आधी सगळी पाने उलटून मोजते. एकत्रित ताळेबंदाचा (मुख्य कंपनी आणि उपकंपनी यांचा मिळून एक) १४ गुणांचा पहिला प्रश्न उत्तर न पाहता सोडवायला ४१ मिनिटे लागली. त्यातली अठरा मिनिटे उपकंपनी ताब्यात येण्यापूर्वीचा आणि नंतरचा नफा वेगळा करण्यातच गेली.

एक शंका राहिली. सीएच्या नव्या योजनेत दोन्ही ग्रुप झाल्याशिवाय आर्टिकलशिप (सीएंच्या हाताखालची सक्तीची उमेदवारी) सुरू होत नाही, म्हणून घरचे म्हणतात की सप्टेंबरला दोन्ही ग्रुप एकदम द्यावेत. हे योग्य ठरेल का?

ट्रान्स-हार्बर

दोन्ही ग्रुप एकत्र देण्याचा एक फायदा खरा आहे: प्रत्येक पेपरात ४० मिळवून सहा पेपरांची बेरीज ३०० झाली, तर एका ग्रुपमधली तूट दुसऱ्या ग्रुपमधून भरून निघते. परंतु रोजच्या तीन तासांत कॉस्टिंग, ऑडिट आणि एफएम-एसएम (वित्तीय आणि धोरणात्मक व्यवस्थापन) हे दुसऱ्या ग्रुपचे तीन नवे पेपर बसवायचे, तर पहिल्या ग्रुपचा सराव निम्म्यावर येईल. मी नोकरी सांभाळून दोन्ही एकदम दिले आणि दोन्ही गमावले. आर्टिकलशिप आता दोनच वर्षांची आहे; एक अटेम्प्ट मागेपुढे झाल्याने फार बिघडत नाही. परीक्षा वर्षातून तीनदा असल्याने सप्टेंबरनंतर जानेवारी लगेच येते.

टॅक्सकडे तुमचे थोडे दुर्लक्ष होते आहे असे वाटले. ५२ गुण आहेत म्हणून निर्धास्त राहू नका. सप्टेंबरच्या परीक्षेला कोणत्या सुधारणा लागू आहेत हे इन्स्टिट्यूटच्या घोषणेत पाहा आणि त्या अटेम्प्टची आर.टी.पी. (इन्स्टिट्यूटची उजळणीची प्रश्नपुस्तिका) आली की ती पूर्ण सोडवा. कार्यालयात तुम्ही जीएसटीची विवरणपत्रे भरता, तर ज्या खरेदीवर भरलेल्या कराचे क्रेडिट (वजावट) नाकारले जाते तिथे जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) मधला कोणता खंड लागला, हे त्याच वेळी वहीत टिपून ठेवा. ठाणे ते ऐरोली प्रवासात मोठे गणित होत नाही, एमसीक्यू (बहुपर्यायी प्रश्न) मात्र होतात. प्रत्येक पेपरात ते ३० गुणांचे असतात आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, म्हणून एकही रिकामा सोडू नका.

ऐरोलीकरीण

आभारी आहे. घरी बोलून एकच ग्रुप देण्याचे ठरवले. एकत्रित ताळेबंदाचे तेच गणित दहा दिवसांनी काल पुन्हा केले. वेळ ३१ मिनिटांवर आला, पण उपकंपनीकडून घेतलेल्या साठ्यातील न वसूल झालेला नफा (माल अजून बाहेर विकलेला नसतो म्हणून) वजा करायला पुन्हा विसरले. चुकांच्या वहीत याची ही तिसरी नोंद आहे.